काडी

ढमढेरेबाईंचा फोन आला, "केबल, येऊन जा रे.
पुतण्याने वाकडहून एक काडी पाठवलीय,
टीव्हीच्या पाठीत खुपसायची म्हणे."
सत्तावीस वर्षं झाली,
तावरे कॉलनीत मला कुणी नावाने हाक मारलेली नाही.
जिन्यातून पोरं ओरडायची, "केबल आला!"
आणि मॅचच्या मधेच चित्र गेलं की
"केबल मेला का?"

काडी म्हणजे खरंच काडी. अंगठ्याएवढी.
हिच्यासाठी कुणी गच्च्या ओलांडल्या नाहीत,
टाकीला पोट टेकून,
शेजारच्या चेअरमनच्या शिव्या खात,
नारळाच्या शेंड्यावरून काळी वायर ओढली नाही.

टीव्हीमागे हात घातला.
धूळ, पालीची दोन अंडी, रिमोटचं हरवलेलं झाकण
आणि माझीच खूण :
पिन बसवली की मी चिकटपट्टीचे तीन वेढे देतो,
दुसरा कुणी देत नाही.
टीव्हीला भोक एकच. बॉक्स काढल्याशिवाय
काडी बसत नाही.
बाई म्हणाल्या, "काडीमोड म्हणतात तो हाच का रे?"
आणि एकट्याच हसल्या.

भाषा निवडा, टीव्ही म्हणाला.
मराठी खाली, बरीच खाली होती.
मग पासवर्ड. रिमोटने एकेक अक्षर गाठायचं,
चौकोनातून चौकोनात, लंगडी घालत.
बाई ताठ बसल्या. आवाजच बदलला त्यांचा :
"बी बॉम्बे. एच हैदराबाद. ओ ओरिसा. आर रत्नागिरी.
पुढे सतरा, सतरा."
भोर त्यांचं माहेर.
सतराचं विचारलं नाही.

अपडेट सुरू झालं. चाळीस टक्के. पंचावन्न.
त्रेसष्टवर लाइट गेले.
गुरुवार. दोघंही विसरलो होतो.

"सतरा नंबरच्या बोर्डावर बसायचे मी," अंधारात बाई म्हणाल्या,
"ट्रंक एक्सचेंजला. समोर भोकं, हातात दोऱ्या.
पुणं साताऱ्याला जोडायचं, सातारा सांगलीला,
आणि मधे शिरून म्हणायचं, तीन मिनिटं झाली, वाढवू?
एकदा एक माणूस बोलेचना. नुसता रडत होता.
पलीकडचीही गप्प.
नाही शिरले मी. नऊ मिनिटं दिली त्याला,
लिहिली तीन.
मग एसटीडी आलं. साहेबांनी पेढे वाटले."
"तुम्ही काय केलंत?"
"काय करणार? खाल्ला एक."

चारला लाइट आले.
काडीने पहिल्यापासून सुरुवात केली, शून्य टक्के,
आम्ही दोघांनी चहा घेतला.
मग टीव्हीवर सहा अक्षरांचा कोड,
बाईंनी वाचला, मी माझ्या मोबाइलवर टाकला,
एकदाही "काय? काय?" करावं लागलं नाही.

चित्र आलं.
मुंग्या नाहीत, सावली नाही,
बातम्या देणारीच्या गालावरची पावडरसुद्धा दिसली.
बाई म्हणाल्या, "बाई गं."
आणि तेवढ्यात मधोमध एक गोल फिरायला लागलं.
बाईंनी माझ्याकडे बघितलं, सवयीने.
मी उठलो, सवयीने,
जिना चढून गच्चीच्या दारापर्यंत गेलो,
कडीला हात लावला,
तेव्हा लक्षात आलं, इथे माझं आता काही नाही.
खालून बातम्या पुन्हा ऐकू आल्या.
माझ्याशिवाय सुरू झाल्या होत्या.

बाईंनी फ्रीजवरचं पिवळं कार्ड काढलं.
"आज दहा तारीख. दहा दिवसांचे घे, सही कर."
मी म्हटलं राहू द्या.
"राहू द्या कसं? हिशोब म्हणजे हिशोब."
चौकोनात सही केली.
त्यांनी चष्मा लावून ती वाचली,
"हरिभाऊ भिलारे," म्हणाल्या,
"मला वाटायचं, तू शिंदे असशील."

वायर गुंडाळून न्यावी म्हणून पुन्हा वर गेलो.
तिच्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाची दुपटी वाळत होती,
ओळीने सात, चिमट्यांसकट.
एक सैल झालं होतं.
नीट केलं, खाली आलो.